बालाजीचा बैल सरकारजमा

कोर्टाच्या फाटकाशी आला की तो थांबायचा. डावीकडे एक पाऊल सरकायचा, धोतराचा सोगा आवरून घ्यायचा आणि आपल्या उजव्या हाताला कुणीतरी मोठं, रुंद, सावकाश चालणारं आत जातंय अशा बेतानं वाट मोकळी ठेवून उभा राहायचा. तिथं कुणीही नसायचं. मग मान किंचित लववून तो स्वतः आत यायचा.

मी यवतमाळच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसत असे. म्हणजे लोकांची रडगाणी सरकारी भाषेत बसवून देणं हा माझा धंदा, आणि गणपतीत नाटकं बसवणं हा माझा शौक. दोन्हींत फारसा फरक नाही, हे मला लवकर कळलं होतं. त्यामुळं या म्हाताऱ्याची एन्ट्री मी पहिल्या दिवशी पाहिली आणि मनात म्हटलं, वा! नुसत्या रिकाम्या जागेला एवढा मान देणारा नट आपल्या मंडळात एकही नाही.

तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. मी विचारलं, "मामा, फाटकाशी कोणाला वाट दिली?"

"त्याले."

"त्याला म्हणजे कोणाला?"

"पयले त्याले जाऊ द्या लागते, मुन्शीजी. मंग आपन." एवढं बोलून त्यानं बंडीच्या खिशातून वकिलाची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. जणू खुलासा पूर्ण झाला.

तर हा जो 'तो', तो एक बैल होता. दारव्हा आणि आर्णीच्या मधल्या टेकड्यांत एक तांडा आहे, त्या तांड्याचा. एके काळी मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांवर लादून मुलूखभर फिरणारे हे लोक. रेल्वे आली, मोटारी आल्या, लदेणीचा हा धंदा बसला आणि तांडे शेतीला लागले. पण या तांड्यानं जुनी एक गोष्ट सोडली नव्हती. एक बैल बालाजीच्या नावानं सोडायचा. त्याच्या पाठीवर कधी ओझं नाही, मानेवर कधी जू नाही. कपाळावर कवड्यांची पट्टी, शिंगांना लाल गोंडे, गळ्यात पितळी घंटा. तांड्यातलं माणूस आजारी पडलं की त्याच्या खुरांशी डोकं टेकायचं. आणि तांड्यातली गाडी जंगलातून कुठंही निघाली की पुढं तो, मागं गाडी. पूर्वी बैलांचे कळपच्या कळप असे त्याच्या मागून चालत, तो बसला तिथं मुक्काम पडे. आता मागं एकुलती एक गाडी उरली होती, पण मान तोच होता. त्याची चाकरी या म्हाताऱ्याकडं होती आणि त्याआधी त्याच्या बापाकडं.

आता गुन्हा ऐका. मी पुष्कळ गुन्हे कागदावर उतरवले, पण इतका वाजतगाजत केलेला दुसरा नाही.

एके सकाळी एक लाकडाचा ठेकेदार बंदूक खांद्यावर टाकून तांड्यात आला. राखीव जंगलात त्यानं सांबर पाडलं होतं आणि त्याची जीप नाल्याच्या गाळात रुतली होती. गाडी पाहिजे म्हणाला. म्हाताऱ्यानं विचारलं, परवाना हाय का? ठेकेदारानं शिक्क्याचा कागद दाखवला. कागद खरा होता, शिक्काही खरा होता, फक्त परवाना बंदूक बाळगण्याचा होता. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं आपली जोडी जुंपली, सांबर गाडीत घातलं आणि रिवाजाप्रमाणं बालाजीचा बैल पुढं काढला.

घंटा वाजू लागली तसा ठेकेदार हादरला. म्हणाला, त्या घंटेत गवत कोंब. म्हातारा म्हणाला, तो मुका नाही चालत. ठेकेदार शिव्या घालू लागला, म्हाताऱ्यानं ऐकल्या आणि घंटा वाजत राहिली. कोसभर लांबून जंगलाच्या नाकेदारानं ती ऐकली आणि तो निवांत रस्त्यात येऊन उभा राहिला. त्यालाही असा चोर आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. ठेकेदार तोवर झाडीत पसार झाला. गाडी, जोडी, सांबर आणि सर्वांत पुढं उभा असलेला तो पांढरा बैल, सगळ्यांचा पंचनामा झाला.

तालुक्याच्या कोर्टात ठेकेदार वकिलासह हजर झाला, गुन्हा कबूल करून दंड भरला आणि जेवायला घरी गेला. राहिली गाडी आणि जनावरं. शिकारीच्या कामी जे वापरलं ते सरकारजमा, असा कायदा. मॅजिस्ट्रेटनं आपल्या परीनं रास्त प्रश्न विचारला. गाडीला दोन बैल लागतात, हा तिसरा तिथं काय करत होता?

या ठिकाणी तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, साहेब, जनावर आहे, आलं मागं मागं. सुटला असता बैल. पण म्हातारा पिंजऱ्यात ताठ झाला. बैल मागं मागं आला, असं त्याच्याबद्दल बोलायचं?

"तो कोनाच्या मांग नाही चालत, साहेब," तो म्हणाला. "त्याच्याच मांग तर गाडी आली."

झालं. कारकुनानं लिहून घेतलं. बैल गुन्ह्याचा म्होरक्या ठरला आणि गाडी, जोडी यांच्याबरोबर सरकारजमा झाला. ही हकीकत मी पुढं अनेक बैठकींत सांगितली आणि दर वेळी इथं हशा मिळवला. मीही हसत असे. पुढचं सांगायची वेळ यायच्या आत मी चहा मागवत असे.

अपील यवतमाळला आलं तसे बैलही आले. निकाल लागेपर्यंत लिलाव करू नये एवढा हुकूम आमच्या वकीलसाहेबांनी मिळवला होता आणि जनावरं जंगलखात्याच्या डेपोत, सागाच्या थप्प्यांच्या मागं कुंपणात बांधली होती. हे वकीलसाहेब म्हणजे तपकिरीची डबी, फाटका कोट आणि गडगडाटी आवाज. फुकट काम करायचे आणि पक्षकाराला तेवढ्याच फुकट शिव्या द्यायचे. म्हातारा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि मजुरीचा कडबा घेऊन डेपोवर जायचा. आधी बालाजीच्या बैलापुढं पेंढी सोडायचा, मग आपल्या जोडीपुढं. मी चहा पाजला तर बशीतला पहिला घोट जमिनीवर. "पयले त्याले." मी म्हणायचो, मामा, बैल चहा पीत नाही. तो म्हणायचा, मले मालूम हाय, मुन्शीजी, पन आपल्याले कुठं मालूम राहते काय द्या लागते ते.

एकदा डेपोवर मोठी गंमत झाली. तांड्यातल्या बाया आल्या. आरशांच्या कांचळ्या, हातभर बांगड्या, फेटिये म्हणतात ते घेरदार घागरे, आणि एकीच्या काखेत तापानं फणफणलेलं लेकरू. टेकड्यांतून पायी आल्या होत्या. त्यांना लेकराचं डोकं बैलाच्या खुरांना टेकवायचं होतं. डेपोचा रखवालदार म्हणाला, सरकारी मुद्देमाल आहे, हात लावता येणार नाही. बाया म्हणाल्या, हात नाही, डोकं लावतो. रखवालदारानं नियम आठवून पाहिला. डोक्याबद्दल त्यात काही नव्हतं. कुंपणाच्या दोन तारांमधून लेकरू आत सरकवलं, बैलानं खूर हलवला नाही. मी रखवालदाराची फजिती पाहायला म्हणून गेलो होतो. तर रखवालदार वहाणा काढून बाजूला उभा. मग मीही काढल्या. काहून काढल्या ते विचारू नका.

त्या लेकराचं पुढं काय झालं, तेही विचारू नका. त्या तापात त्या वर्षी बरीच लेकरं गेली.

याच सुमारास राज्य बदललं. नागपूरचं जाऊन मुंबईचं झालं. भिंतीवरचा नकाशा बदलला आणि नवे जिल्हा जज्ज आले. कोकणाकडचे, किडकिडीत, मृदू आवाजाचे. तांडा म्हणजे काय, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि तसं ते उघड सांगत. अशा सरळ माणसापुढं अपील लागलं हे आमचं नशीब, असं वकीलसाहेब म्हणाले.

सुनावणी चांगली झाली. वकीलसाहेबांचा आवाज छताला लागला. निरक्षर माणूस, शिक्क्याचा कागद पाहून विश्वास ठेवला, त्यात त्याचा काय अपराध? जज्जसाहेब मान हलवत होते. सरकारी वकीलही फारसे विरोधात बोलले नाहीत, त्यांना नाकेदारानं घंटेची गोष्ट सांगितली होती आणि ते दोनदा रुमालात हसले. गाडी आणि जोडी परत देण्यास हरकत नाही, असं जज्जसाहेब म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून म्हाताऱ्याकडं पाहिलं. काही जज्ज प्रश्नातच उत्तर घालून देतात, पक्षकारानं फक्त हो म्हणायचं असतं. त्यांनी विचारलं, "आणि हा पांढरा बैल, हाही तुझाच ना?"

वकीलसाहेबांनी पिंजऱ्याकडं न बघता मान खाली-वर केली. मी दारातून मान हलवली. पट्टेवाल्यानंही हलवली. सगळं कोर्ट माना हलवत होतं.

"नाही साहेब," म्हातारा म्हणाला. "मीच त्याचा आहो."

कुणी हसलं नाही. जज्जसाहेबांनी पुन्हा विचारलं, मग मालक कोण? तो म्हणाला, बालाजी. जप्त झालेलं जनावर परत द्यायचं तर ते मागणारा मालक पाहिजे, कायद्याला रिकाम्या जागेच्या हाती दोरी देता येत नाही. जज्जसाहेबांनी हे अगदी समजावून सांगितलं. तांड्यातला दुसरा कुणी आपला म्हणून मागत असेल तर मुदत गेली असली तरी मी अर्ज ऐकेन, असंही म्हणाले आणि तारीख दिली. एवढं कोण करतं?

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी म्हाताऱ्याला कडुनिंबाखाली बसवलं आणि जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. म्हाताऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग वकीलसाहेब स्वतः मोटारीनं आणि पुढं पायी तांड्यावर गेले, मी बरोबर. तांड्याचा मुखिया नाईक, त्याच्या अंगणात सगळा तांडा जमला. भाकरी दिली, भाजी दिली, गुळाचा चहा दिला. वकीलसाहेबांनी एकेकाला विचारलं, बाबा, एवढं एक वाक्य म्हण, बैल माझा. नाईकापासून पोरीबाळींपर्यंत कुणी म्हणेना. नाईक तर वकीलसाहेबांच्याच वयाचा, तो हात जोडून म्हणाला, वकीलसाहेब, तुमीच म्हना ना तुमचा हाय म्हनून. वकीलसाहेब क्षणभर खरंच विचारात पडले. परतताना वाटेत त्यांनी तपकीरही ओढली नाही.

तारखेच्या सकाळी म्हातारा फाटकाशी थांबला, वाट दिली, आत आला. पुकारा व्हायला अवकाश होता. मी त्याला शेवटचं विनवलं. म्हटलं, मामा, हे कोर्ट आहे. इथं रोज माणसं बापाला बाप म्हणत नाहीत, भावाला भाऊ म्हणत नाहीत, आणि घरी जाऊन सुखानं जेवतात. तुला फक्त दोन शब्द बोलायचे आहेत. देव काय तेवढं समजून घेणार नाही?

तो हाताची नखं पाहत बसला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, म्हणतो आता. ओठही हलले.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "मी म्हनीन बी. पन मीनं माहा म्हनला का तो त्याचा नाही राहात. मंग मी घरी कोनाले घेऊन जाऊ? बैल तर माह्याजवळ दोन हायेच."

नाटकात अशा जागी पडदा तरी पाडता येतो; इथं पुकारा झाला.

आत त्यानं तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं. जज्जसाहेबांनी लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. गाडी आणि जोडी अपीलदारास परत. पांढऱ्या बैलावर कुणाचाही हक्कसंबंध शाबीत नाही, सबब सरकारजमेचा हुकूम कायम. वाचताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की शेवटचं वाक्य कारकुनाला पुन्हा विचारावं लागलं.

डेपोत लिलाव झाला तेव्हा म्हातारा कुंपणाला टेकून उभा होता. तांड्यातले इतरही आले होते. त्यांनी बोली लावली नाही. विकत घेतलेला बैल म्हणजे आपला बैल, तिथंही गाठ तीच. आर्णीकडच्या एका लाकूडवाहतूक करणाऱ्यानं तो घेतला. माणूस वाईट नव्हता. त्याला धष्टपुष्ट जनावर हवं होतं आणि समोर होतं.

ज्या मानेवर कधी जू आलं नाही तिच्यावर ते ऐन वयात ठेवलं तर काय होतं, हे मी पाहिलं. डेपोच्या दारातच बैल बसला. नव्या मालकाच्या गाडीवानानं शेपटी पिळली, पराणी टोचली, तरी उठेना. रक्त आलं. तांड्यातल्या लोकांनी तोंडं फिरवली. मग म्हातारा पुढं झाला. मला वाटलं, आता हा गाडीवानाचा हात धरणार. त्यानं गाडीवानाला एवढंच सांगितलं की समोरून सगळे बाजूला व्हा, त्याच्यापुढं कोणी राहू नका. बैलासमोरचा रस्ता त्यानं स्वतः हातांनी मोकळा केला, लोक मागं सारले, माझाही दंड धरून मला बाजूला केलं. समोर रिकामा रस्ता दिसला तसा बैल उठला आणि जोडीच्या बैलासह सागाच्या ओंडक्यांची गाडी ओढत चालू लागला. म्हातारा गाडीच्या मागून पायी निघाला.

मी म्हटलं, येईल थोडं पुढं जाऊन परत. तो आला नाही. गाडी आणि जोडी त्याच्या पुतण्यानं तांड्यावर नेली. पुढं त्या हंगामात आर्णीच्या रस्त्यावर मोटारीतून जाताना मी दोनदा लाकडांच्या गाड्यांची रांग पाहिली. सर्वांत पुढं पांढऱ्या बैलाची गाडी, आणि धुरळ्यात तिच्या मागून चालणारा म्हातारा. त्या गाडीवानाला मी एका हॉटेलात गाठलं. तो म्हणाला, वेडा हाय जी बुढा, मजुरी घेत नाही, गाडीवर बस म्हटलं तर बसत नाही. पन याची गाडी मधात घातली तर बैल अडतो, मंग पुढंच ठेवतो आमी. मग जरा थांबून म्हणाला, खांदा सडला हाय त्याचा. बुढा रोज हळद भरते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बैल टिकला नाही.

त्यानंतर म्हातारा एकदाच कोर्टात आला. जप्तीच्या वेळी बैलाच्या अंगावरचा साज वेगळा काढून मुद्देमालात ठेवला होता. तो सरकारजमा करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि कोर्टाच्या नाझरला मुद्देमालाची खोली रिकामी करायची होती. नाझरनं निरोप धाडला, मी त्याला घेऊन गेलो. टेबलावर पोतं उपडं केलं. कवड्यांची पट्टी, लाल गोंडे, काळी पडलेली घंटा. घंटा टेबलावर वाजली आणि खोलीतल्या दोन कारकुनांनी वर पाहिलं.

नाझर कामात होता. त्यानं पावती सरकवली आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "तुझंच आहे ना हे?"

मी म्हाताऱ्याकडं पाहिलं. पुन्हा सगळं सुरू होणार, असं मी धरून चाललो.

"हो साहेब," तो म्हणाला. "माहंच हाय."

अंगठा उठवला. वस्तू पोत्यात भरल्या. मी चहाला थांब म्हटलं, तो थांबला. बशी तोंडाला लावली आणि पहिला घोट स्वतः प्याला. मग पोतं खांद्यावर टाकून निघाला. चालताना आत घंटा वाजत होती.

मी कडुनिंबाखाली उभा राहून पाहत होतो. फाटकात तेव्हा कुणी नव्हतं, वाट रिकामी होती. तो फाटकाशी आला आणि न थांबता सरळ बाहेर गेला.